एक व्हीसीआर, दोन खोल्या



१९८२ साली, दिल्लीतील आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले; पुढे व्हीसीआर आला, तरी महाग असल्याने तो घरात एकच असे.

त्यातील मॉड्युलेटर, म्हणजे चित्र व ध्वनी एका वाहिनीच्या लहरींवर चढवणारा भाग, संकेत अँटेनाच्या तारेतून पाठवतो;
दोन खोल्यांतील दोन दूरचित्रवाणी संचांसाठी ती तार स्प्लिटरने, म्हणजे विभाजकाने, दुभंगली की प्रत्येक संचाला जेमतेम निम्मी शक्ती मिळते,
म्हणून चित्रात मुंग्या दिसल्यास विभाजकाच्या आधी बूस्टर जोडणेच हिताचे.

मात्र व्हीसीआर एकच, म्हणून चित्रही एकच.

जळगाव-धुळ्याकडील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती रिमोटचे अवरक्त किरण ओलांडत नाहीत;
दोन्ही खोल्यांत चित्र एकच असले, तरी फीत थांबवायला व्हीसीआरपाशीच जावे लागते.