जमीन दिलेली, पीक आपलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाश्चात्त्य अभिजात संगीताचं नाव काढलं, की आपल्याकडे बरेच जण हात जोडतात. ‘ते आपल्याला कळत नाही बुवा!’ मीही हे संगीत शिकलेलो नाही. बी. ए. झालो, गझला लिहितो आणि रात्री निवांत वेळ मिळाला की ऐकतो, इतकंच. पण या संगीतातला एक प्रकार असा आहे, की ज्याला तरही मुशायरा ठाऊक आहे त्याला तो मुळीच परका वाटू नये. त्याला ‘थीम अँड व्हेरिएशन्स’ म्हणतात. आपण म्हणू, एक चाल आणि तिची अनेक रूपं.

सोपं उदाहरण घेऊ. ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ची चाल आपल्याकडच्या बालवाडीतल्या मुलांनाही पाठ असते. ही चाल मुळात अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच गाण्याची. इंग्रजी कविता तिला पुढे जोडली गेली. मोत्सार्टनं १७८१-८२च्या सुमारास पियानोसाठी या चालीची बारा रूपं लिहिली. आधी साधी चाल वाजते. मग उजव्या हाताचे सूर धावू लागतात, पुढे तेच काम डावा हात करतो. आठव्या रूपात चाल एकदम उदास होते, अकराव्यात संथ होते आणि बाराव्यात दोनाचा ताल जाऊन तीनाचा येतो.

मग टिकतं काय? आपल्या ख्यालात गायक कितीही दूर गेला तरी मुखडा घेऊन समेवर येतो. इथे मुखडा परत यायलाच हवा, असं नाही. चाल कधी कधी दिसेनाशीही होते. टिकतो तो तिचा सांगाडा. ती किती ओळींची, कुठे विसावते, कुठे वळते, घरी कधी पोचते. गझलेत याला आम्ही ‘जमीन’ म्हणतो. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जमीन होते. शेर बदलतो, जमीन बदलत नाही. तरही मुशायऱ्यात तर एक ओळ आधीच दिली जाते आणि तिच्या जमिनीवर प्रत्येक शायर आपापली गझल बांधून आणतो. एकाच रात्री एकच जमीन वीस जणांनी कसलेली ऐकायला मिळते.

असाच एक मुशायरा व्हिएन्नात झाला, असं मी गमतीनं म्हणतो. अँटन डायबेली हा तिथला संगीतकार आणि प्रकाशक. १८१९ साली त्यानं स्वतःचा एक छोटा वॉल्ट्झ देशातल्या अनेक संगीतकारांकडे पाठवला आणि प्रत्येकाकडून त्याचं एकेक रूप मागितलं. शूबर्टनं दिलं, मोत्सार्टच्या मुलानं दिलं, अकरा वर्षांच्या लिस्टनंही दिलं. अशी पन्नास जणांची पन्नास रूपं जमली.

बीथोव्हेनलाही वॉल्ट्झ पोचला होता. त्यानं या चालीची टर उडवली, अशी आख्यायिका आहे. चाल खरोखरच सामान्य आहे. वरच्या ‘सा’वरून खालच्या ‘प’वर एक उडी आणि मग उजवा हात तेच सूर ठोकत राहतो. पण बीथोव्हेननं एक रूप देऊन हात झटकले नाहीत. १८१९मध्ये त्यानं बरीच रूपं लिहिली, मग दुसऱ्या मोठ्या कामासाठी ती बाजूला ठेवली आणि १८२३मध्ये पूर्ण केली. एकूण तेहतीस! या काळात त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. १८१८पासून भेटायला येणारे त्याच्याशी वहीत लिहून बोलत.

पहिल्याच रूपात वॉल्ट्झचं भारदस्त संचलन होतं. तेराव्यात दोन-चार सूर कडाडतात आणि मध्ये शांतता पसरते. विसाव्यात मोजकेच सूर, अंधारात पाऊल चाचपडत टाकावं तसे. बाविसाव्यात मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या संगीतिकेतल्या कुरकुऱ्या नोकराचं गाणं अवचित येतं. विनोद असा, की तेही ‘सा’वरून ‘प’वरच उतरतं! अखेरीला तीन रूपं दुःखाची, त्यांतलं तिसरं तर जणू संपूच नये असं संथ. इतरांच्या बऱ्याच रूपांत मला चालीवरची वेलबुट्टी ऐकू येते. बीथोव्हेननं मात्र जमीन खणली. जी उडी कुणाच्या लक्षातही आली नसती, तिच्यातून त्यानं विनोद काढला आणि शोकही.

हे सगळं मला का महत्त्वाचं वाटतं, तेही सांगतो. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे काय लिहिता?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. विचारणारे बहुधा प्रेमानंच विचारतात. पण त्यात एक गृहीत असतं, की जमीन कुणा दुसऱ्याची आहे आणि मी तिथे पाहुणा आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ओवीत ‘योगसंग्राम’ लिहिला. ओवी त्यांच्याआधी ज्ञानेश्वरांनी कसली होती, एकनाथांनी कसली होती. आणि ज्ञानेश्वरांच्याही आधी ती जात्यावर बसलेल्या बायांची होती. भाषा, छंद, चाल यांतलं काहीच कुणी एकट्यानं जन्माला घातलेलं नसतं. प्रत्येकाला ते दिलेलंच मिळतं. आपली मालकी ठरते ती तिथे किती घाम गाळला यावरून. तो वॉल्ट्झ डायबेलीचाच होता, पण आज जग तो बीथोव्हेनमुळे ऐकतं.

शेवटाबद्दल एक सांगायला हवं. बाखनं १७४१मध्ये छापलेल्या ‘गोल्डबर्ग’ रूपांत तीस रूपांनंतर मूळ चाल जशीच्या तशी परत येते आणि ऐकणाऱ्याला ती नवी वाटते. बीथोव्हेन वॉल्ट्झकडे परततच नाही. मोठं वादळ होतं, ते शमतं आणि तेहतिसाव्या रूपात येतो एक हलका, शालीन मिन्युएट. बाजारात भेटलेल्या धांदरट पोरानं वयात येऊन दारात अदबीनं उभं राहावं, तसा.

सवड काढून ही रूपं जरूर ऐका. आधी फक्त तो वॉल्ट्झ दोन-तीनदा ऐकून कानात बसवा. मिनिटभराचाच आहे. पुढचा पाऊण तास मग कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.