मोहाखालचं अस्वल

चीनमधला जायंट पांडा हा अस्वल की रॅकूनचा भाऊबंद, यावर प्राणिशास्त्रज्ञ शंभरेक वर्षं भांडत होते. १९८५ च्या सुमारास जनुकांच्या तपासणीने निकाल दिला : अस्वलच. पोट मांसाहाऱ्याचं, जेवण बांबूचं. त्यातलं पचतं थोडंच, म्हणून दिवसातले बारा-चौदा तास खाण्यातच जातात.

खाण्यापायी वेगळी वाट धरणारं दुसरं अस्वल नागपूरकरांच्या शेजारीच आहे. पेंच, ताडोबा, नागझिरा ही त्याची घरं. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या लांब नख्या पाहून त्याला चक्क अमेरिकेतल्या स्लॉथ या प्राण्याच्या कुळात टाकलं होतं!

त्याचं तोंड मुद्दाम पाहावं असं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतातच. नख्यांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची आणि दातांच्या फटीतून वाळवी सर्रकन ओढून घ्यायची. हा आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. पिल्लं आईच्या पाठीवरच्या दाट केसांना धरून सहा-सात महिने फिरतात. २०१८ मध्ये ताडोबात मटकासुर नावाच्या वाघाने पिल्लासोबतच्या अस्वलिणीला धरलं. रक्तबंबाळ होऊनही तिने त्यालाच पिटाळलं. त्या झुंजीची चित्रफीत देशभर फिरली.

पांडा आणि हे अस्वल, दोघंही आज धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत एकाच श्रेणीत आहेत. कौतुक आणि पैसा मात्र पांड्याच्या वाट्याला. अस्वल बातमीत येतं ते बहुधा कुणाला तरी जखमी केल्यावरच.

त्या बातम्या उन्हाळ्यात वाढतात, याचं कारण मोह. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्री, पहाटे गळतात. गुरंढोरं आणि हरणं खाऊन टाकण्याआधी वेचावीत म्हणून बायामाणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. त्याचं नाक तिखट, पण नजर नि कान बेताचे. खाण्यात दंग असताना माणूस अचानक पुढ्यात आला की ते बिचकतं आणि थेट तोंडावर, डोक्यावर झडप घालतं. मोह संपत आला की तेंदूपत्त्याचा हंगाम, म्हणजे पुन्हा झुडपांत वाकलेली माणसं.

जंगलात जाऊ नका, असं सांगणं सोपं आहे. पण मोहाचे पैसे ज्यांच्या घरखर्चाला लागतात, त्यांना ते पटणार कसं? त्यापेक्षा चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावं. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं वरच्या वर झेलली जातात, काळोखात धावायची गरज उरत नाही. खाली पाला जाळून जागा साफ करण्याचीही नाही. ती आग पसरून दरवर्षी जंगल जळतं. जाळीचा खर्च एकट्या कुटुंबाला जड जातो. तो वनखात्याने आणि ग्रामसभेने वाटून घ्यावा, आणि तोही फेब्रुवारी संपायच्या आत.