लहान मुलांसह वनविहार
(सुरत येथील मराठी पालक व शिक्षकांसमोर झालेले भाषण)



दिवाळीची सुटी लागली की सुरतेतील कुटुंबे चार दिवस बाहेरगावी जातात, ही येथील जुनी रीत आहे. पूर्वी हा ओढा सापुतारा, नाशिक, शिर्डी या ठिकाणांकडे असे. अलीकडे त्यात अरण्याची भर पडली आहे. गीरच्या परिसरात, तसेच ताडोबाच्या मोहर्ली व कोलारा प्रवेशद्वारांपाशी उंची निवासस्थाने उभी राहिली आहेत. वातानुकूलित तंबू, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी निराळे जेवण, असा त्यांचा थाट असतो. ज्याची ऐपत आहे त्याने हा खर्च करण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, चार-पाच वर्षांच्या बालकाच्या पदरी त्यातून काय पडते?

अरण्यातील एक फेरी साधारणतः तीन ते चार तासांची असते. पहाटेच्या काळोखात उठावे लागते, उघड्या जीपमध्ये गार वारा झोंबतो, वाटेत खाली उतरण्यास सक्त मनाई असते. मोठ्यांना वाघाचा ध्यास; त्यामुळे गाडी हरिणांच्या कळपापाशी क्षणभरही थांबत नाही. मूल कंटाळते, रडते आणि आईच्या मांडीवर झोपी जाते. नंतर वाघ दिसला तरी तो पाहण्यास ते जागे नसते! केनिया, टांझानिया या देशांशी गुजरातेतील अनेक घराण्यांचा जुना संबंध आहे. तेथील पुष्कळ निवासस्थाने विशिष्ट वयाखालील मुलांना सामायिक गाडीत घेत नाहीत. कुटुंबाला स्वतंत्र गाडी करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील मडिक्वे अभयारण्यात हिवतापाचे भय नाही, म्हणून लहान मुलांचे पालक ते पसंत करतात. तात्पर्य, खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी वयाचा नियम, गाडी आणि जवळचा दवाखाना यांची चौकशी करणे श्रेयस्कर.

सुरतकरांना याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा ते घोघा ही जलवाहतूक सुरू झाली आणि सौराष्ट्राचा लांबचा वळसा वाचला. मुलांच्या दृष्टीने समुद्रातील हा प्रवासच अर्धी सहल होय. घोघ्याहून भावनगरमार्गे वेळावदरला जाता येते. सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान १९७६ साली काळविटांसाठी स्थापन झाले. सपाट गवताळ माळ असल्यामुळे येथे झाडीत डोळे ताणून बसावे लागत नाही. काळविटांचे कळप समोर चरताना दिसतात, उड्या मारतात, नर शिंगे भिडवतात. हिवाळ्यात सायंकाळी भोवत्या जातीचे शिकारी पक्षी मोठ्या संख्येने गवतात मुक्कामाला उतरतात. पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा अधिक काय हवे?

गीरमध्येही लहान मुलांसाठी देवळिया येथील कुंपणबंद क्षेत्र सोयीचे आहे. तेथे बसमधून फेरी होते, वेळ कमी लागतो आणि सिंह दिसण्याची शक्यता अधिक असते. खऱ्या अरण्याचे भोक्ते यास नाक मुरडतात. पण त्यांनी आपला हट्ट बालकांवर लादू नये. पावसाळ्यात, १६ जून ते १५ ऑक्टोबर, गीरचे अरण्य पर्यटकांस बंद असते. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह आढळले. हा आकडा मुलांना जरूर सांगावा, आणि त्यातील बरेच सिंह आता अभयारण्याबाहेर, गावांच्या व शेतांच्या आसपास वावरतात हेही सांगावे.

कारण हीच गोष्ट सुरत जिल्ह्यात बिबट्याच्या बाबतीत घडत आहे. शहरातील कुटुंबे दिवाळीत अरण्याकडे निघतात, त्याच सुमारास नंदुरबार, धुळे आणि डांग भागांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोयते, भांडी आणि कच्चीबच्ची घेऊन बारडोली, मांडवी, महुवा या तालुक्यांत येतात. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला दार नसते, दिवा क्वचितच असतो. आणि पाणी, दाट आडोसा व कुत्र्या-डुकरांचे भक्ष्य मिळते म्हणून बिबट्याची मादी त्याच उसात पिले घालते. एक मूल काचेआडून वन्यप्राणी पाहते. दुसऱ्या मुलाचा तो शेजारी असतो. लिंबायत, उधना भागांतील मराठी शाळांच्या शिक्षकांनी सहलीचा पाठ देताना हा शेजारही विसरू नये.

अशा वस्तीत सूर्यास्तानंतर मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. शौचासही मोठ्या माणसाने सोबत दिवा घेऊन जावे. वाकलेली किंवा उकिडवी बसलेली लहान आकृती बिबट्याला भक्ष्यासारखी भासते. मुलांना कोपीच्या आतल्या बाजूस, मोठ्यांच्या मध्ये झोपवावे. उष्टे अन्न व मेलेली जनावरे वस्तीजवळ टाकल्यास कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. शेतमालक व साखर कारखान्यांनी कोप्यांना दार आणि दिवा पुरविला, तर बरेच अनर्थ टळतील. हा खर्च उंची तंबूतील एका रात्रीच्या भाड्याहून फारसा अधिक नसावा.

तोडणी चालू असता उसात पिले सापडल्यास ती उचलून घरी नेऊ नयेत, त्यांच्याभोवती गर्दी करू नये. त्या भागातील तोड थांबवून वनखात्यास कळवावे. पशुवैद्यक तपासणी करतात आणि पिले सापडली त्याच जागी संध्याकाळी टोपलीत ठेवली जातात. मादी बहुधा रात्रीतून येऊन एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते.