बंगळूरची विलायती गाडी

(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



बंगळुरात मदतनिधीसाठी जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं की आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन जातात. तिकिटाचे पैसे सत्कारणी लागतात, मुलंही खूश होतात. गर्दी मात्र रोल्स रॉइस आणि जॅग्वारभोवतीच असते. त्या गाड्या देखण्या खऱ्या, पण पहिल्या दिवसापासून जपलेल्या. राजवाड्यातली गाडी सहसा भंगारात जात नाही. खरी दुर्मीळ गाडी ती, जी जपावी असं कुणाला वाटलंच नाही. इंग्लंडात १९७१ ते १९८० या काळात मॉरिस मरिना आठ लाखांवर तयार झाल्या. आज तिथं एखादी दिसली तर लोक थांबून बघतात.

आपल्याकडच्या विलायती गाड्या ओळखणं अवघड नाही. अ‍ॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड; तिचं उत्पादन २०१४ साली थांबलं. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटत असेल तर ती हेरल्ड, म्हणजे मूळची ट्रायम्फ. तिला चार दारं असतील तर ती नक्की मद्रासची, कारण इंग्लंडात चार दारांची हेरल्ड निघालीच नाही. स्टँडर्ड २००० चं अंग रोव्हरचं, पण इंजिन जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं. १९८५ साली आलेली ही गाडी दोन-तीन वर्षांतच बंद पडली.

आता आपल्या गावची गोष्ट. इंग्लंडातल्या रिलायंट कंपनीची किटन नावाची छोटी गाडी होती. तिच्यावरून बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ च्या सुमारास डॉल्फिन काढली. दोन दारं, ८४८ सीसीचं इंजिन आणि फायबरग्लासचं अंग, त्यामुळे पत्रा गंजायची भीतीच नाही. हलकी असल्यामुळे मोटार शर्यतींतही ती पळाली. पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, तिला चार दारं होती, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. आज बंगळूरच्या रस्त्यावर डॉल्फिन दिसणं म्हणजे भाग्यच.

अडचण पुढेच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावी लागतात. साठच्या दशकातल्या हेरल्डला तो मान मिळू शकतो. १९८२ च्या डॉल्फिनला मात्र २०३२ पर्यंत थांबावं लागेल. तोवर ती कायद्याच्या लेखी नुसतीच जुनी गाडी. दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क, शिवाय सुटे भाग शोधायची वणवण. कंटाळून मालक ती भंगारात देतो, आणि ती एकदा गेली की गेलीच.

म्हणून एक विनंती. गावाकडच्या वाड्यात, सासुरवाडीच्या गॅरेजमध्ये अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती विकण्याआधी तिचं नोंदणी पुस्तक शोधा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. आणि पुढच्या प्रदर्शनात रोल्स रॉइसशेजारी फोटो काढून झाला की जरा कोपऱ्यात फेरी मारा. तिथं एखादी बुटकी, दोन दारांची गाडी उभी असेल आणि मालक एकटाच फडक्याने काच पुसत असेल. त्याच्याशी दोन शब्द बोला. अशा गाड्या त्या माणसांच्या हौसेवरच टिकून आहेत.