ऋषीची भाजी आणि कच्च्या भाज्यांचा उपवास

शेगावचे गजानन महाराज 8 सप्टेंबर 1910 रोजी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, समाधिस्थ झाले. ती तिथी ऋषिपंचमीची असल्याने पुण्यतिथीचा उत्सव आणि मराठी घरांतील बायकांचे एक जुने व्रत या गावात एकाच दिवशी येतात. या व्रतात निराहार राहण्याची सक्ती नसते; बैलाच्या श्रमाचे, म्हणजे नांगरलेल्या शेतातले, अन्न त्या दिवशी वर्ज्य मानले जाते आणि परसात हाताने लावलेल्या अळू, सुरण, भेंडी, भोपळा, मक्याची कणसे यांची ऋषीची भाजी शिजते. नियम श्रमाचा असला, तरी पोळी-भाकरी आपोआप गळते आणि पानात मुख्यत्वे भाजीच उरते.

एकादशीच्या साबुदाणा खिचडीचे गणित निराळे आहे. उष्मांक, म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा, मोजला तर 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 आणि शेंगदाण्यांत 570 किलोकॅलरी असतात. तेवढ्याच काकडीत 15, मुळ्यात 16, कोबीत 25. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खिचडीला तंतोतंत लागू पडते. (ज्या शेगावची कचोरी रेल्वेच्या प्रवाशांना पाठ आहे, तिथे हा हिशेब मांडण्यात थोडी गंमतही आहे.)

खिचडीऐवजी कच्च्या भाज्यांवर उपवास केला आणि दिवसभरात किलोभर काकडी-मुळा खाल्ला, तरी शरीराला दीडशेच्या आसपासच किलोकॅलरी मिळतात; त्यामुळे यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, उतरत जाऊन शरीर चरबी वापरू लागते, आणि तंतू व पाणी यांनी जठर ताणले गेल्याने भूक मात्र कमी छळते. जर्मन वैद्य ओटो बुखिंगर यांच्या उपवासपद्धतीतही भाज्यांचे सूप आणि रस यांतून दिवसाला सुमारे अडीचशे किलोकॅलरी दिल्या जातात. म्हणजे पूर्ण निराहार हा उपवासाचा एकमेव प्रकार नव्हे.

ऋषीची भाजी कच्ची खाता येत नाही, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचून खाज आणतात. म्हणूनच या भाज्या चिंच वा आमसूल घालून शिजवतात. शिवाय भाद्रपदात पालेभाज्यांवर चिखल, जंत आणि दूषित पाण्याचा संसर्ग अधिक संभवतो, त्यामुळे चातुर्मासात पालेभाजी टाळण्याच्या प्रथेमागे व्यवहारज्ञान नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कच्चे खायचेच, तर सोलता येणारी काकडी, गाजर, मुळा हीच निवड शहाणपणाची.

एक दिवसापुरता कच्च्या भाज्यांचा हा पर्याय खिचडीपेक्षा सरस आहे; आठवडाभरासाठी तो आहार नव्हे, कारण किलोभर काकडीत प्रथिने जेमतेम सहा-सात ग्रॅम भरतात आणि गाजरातील कॅरोटीन थोड्या स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. व्रत कितीही जुने असले, तरी गोळीची मात्रा पंचांग पाहून ठरत नाही.