वतनाचा कागद

लोणी भापकर हें बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यांतील जुनें गांव. मल्लिकार्जुनाचें देऊळ व यज्ञवराहाची मूर्ति पाहावयास तेथें दुरून लोक येतात. पण अशा गांवांचा दुसरा एक इतिहास देवळाच्या दगडांत नसून तलाठ्याच्या दप्तरांत असतो. गांवोगांवच्या या दप्तरांत जी जमीन 'महार वतन' म्हणून लिहिलेली असे, तिच्या वारशाचा विचार प्रस्तुत भाषणांत आहे.

वतन म्हणजे दौलत, असा शब्दाचा सामान्य अर्थ. या वतनांत मात्र दौलत थोडी आणि बंधन फार. सरकारी सारा खजिन्यापर्यंत पोंचवावा, वर्दी द्यावी, मेलेलें जनावर ओढून न्यावें, आणि मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याचा तुकडा व बलुतें घ्यावें. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानें या व्यवस्थेवर इंग्रजी शिक्का बसला. वारस वाढत गेले, तुकडा तेवढाच राहिला, आणि त्या तुकड्यापायीं सारें घर राबूं लागलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत दुरुस्तीचें बिल आणलें तें याच जाचामुळें. तें त्या वेळीं तडीस गेलें नाहीं. कनिष्ठ गांव-वतनें नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें. चाकरी गेली, आणि ठराविक रक्कम भरल्यावर तीच जमीन वतनदारास कब्जेदार म्हणून परत मिळाली.

जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक १८७३ सालीं अमेरिकेंतील गुलामी मोडणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें होतें. तेथें मुक्त झालेल्या काळ्या लोकांची पुढील कथा मात्र इकडे फारशी कोणी वाचली नाहीं. त्यांच्यासाठीं १८६५ सालीं निघालेली बचत-पेढी १८७४ सालीं बुडाली. तरीहि काबाडकष्ट करून १९१० च्या सुमारास त्यांनीं दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन मिळविली, आणि पुढें तिचा फार मोठा भाग गमावला. दंडेली व कर्ज हीं कारणें तर होतींच. पण एक कारण अगदीं घरगुती होतें. म्हातारा मृत्युपत्र न करतां मरे, जमीन साऱ्या वारसांच्या सामाईक मालकीची होई. त्यांतील एखादा दूर शहरीं राहणारा आपला हिस्सा परक्यास विकी, तो परका कोर्टांत वांटणी मागे, आणि कोर्ट सगळ्या शेताचाच लिलाव पुकारी. या प्रकारास आळा घालणारा नमुना-कायदा तेथें २०१० सालीं तयार झाला.

आपल्याकडे वतनाची परत मिळालेली जमीन 'नवीन व अविभाज्य शर्तीची' असते. कलेक्टरच्या परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं, तिचे तुकडेहि पाडतां येत नाहींत. ही अट जाचक आहे अशी तक्रार नेहमी ऐकूं येते, आणि ती खोटी नव्हे. गरजेच्या वेळीं अशा जमिनीस पुरी किंमत येत नाहीं. पण कित्येक घरांची जमीन आज शिल्लक आहे ती याच अटीमुळें, हेंहि तितकेंच खरें. बारामतीस औद्योगिक वसाहत आल्यापासून भोंवतालच्या माळास भाव आला आहे. अशा ठिकाणीं परवानगीची वाट न पाहतां साठेखत व कुलमुखत्यारपत्र पुढें करणारा गृहस्थ दारीं आला, तर त्याच्या हातांतील पैशांपेक्षां कागद आधीं वाचावा. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होण्याची भीति असते, आणि ती घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याच्या घरावर येते.

समजा, जमीन परत मिळालेल्या म्हाताऱ्यास चार मुलगे व दोन मुली होत्या. तो वारला तेव्हां फेरफारांत एकट्या थोरल्याचें नांव लागलें, आणि त्यापुढें 'ए. कु. मॅ.' हीं तीन अक्षरें. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. धाकटे मुंबईस गिरणींत व खडकीस दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेले. थोरल्यामागें त्याच्या मुलांचीं नांवें चढलीं, आणि नव्या सातबाऱ्यांत तीं तीन अक्षरें कोठें गळलीं हें कोणास कळलेंहि नाहीं. आतां चुलते गांवीं येतात ते कागदोपत्रीं पाहुणे म्हणून. बहिणींचा हिस्सा तर भाऊबिजेच्या ओवाळणींत फिटला असें मानण्याचीच रीत. वस्तुतः १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या मिळकतींत वांटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतहि ती भावाच्या बरोबरीची झाली. ज्या वर्षीं नागपुरास धर्मांतर झालें त्याच वर्षाचा तो कायदा बौद्ध कुटुंबांसहि लागू आहे, ही गोष्ट कित्येक शिकलेल्या घरांतहि ठाऊक नसते.

म्हणून मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यावी, आणि तींत मुलींसह सर्वांचीं नांवें असावींत. जमीन तोडतां येत नसली तरी नांवें लिहितां येतात. घर व पेढींतील ठेव यांचें मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करावें. नोंदणी सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. ठेवीवर नेमलेला नामनिर्देशित इसम हा पैसे स्वीकारणारा असतो, तेवढ्यानें तो मालक होत नाहीं, हेंहि मुलांस समजावून सांगावें.

आणि ज्या हुकुमानें जमीन परत मिळाली तो हुकूम, रक्कम भरल्याची पावती व जुने फेरफार एका पेटींत ठेवावे, आणि ती पेटी कोठें आहे हें घरांतील एकाहून अधिक माणसांस ठाऊक असावें. हुकूम घरीं सांपडत नसेल तर तहसील कचेरींत नकलेसाठीं अर्ज करतां येतो. जुना सर्व्हे नंबर सांगणारा म्हातारा हयात आहे तोंवर तो केलेला बरा.