अदृश्य प्रकाशाचा जमाखर्च



सुरतेच्या यंत्रमागांनी खानदेशातून बोलावून घेतलेल्या कुटुंबांनी ज्या गोडादरा-लिंबायत परिसरात मराठीचा संसार मांडला, तेथील या विज्ञानसाहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलण्यासाठी मी डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापाचा विषय निवडला आहे. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला आणि तेथेही पारा चढलेला पाहिला, तेव्हापासून अवरक्त किरण विज्ञानाच्या दप्तरी दाखल आहेत. परंतु त्यांतील शंभर मायक्रॉनांच्या आसपासचे, दूर-अवरक्त म्हणून ओळखले जाणारे किरण वातावरणातील पाण्याच्या वाफेत शोषले जात असल्यामुळे भूमीवरील दुर्बिणीपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि नेमक्या याच किरणांत ताऱ्यांच्या जन्माची हकीकत साठलेली आहे. नवजात तारा ज्या धूलिमेघात दडलेला असतो, ती धूळ त्याचे तेज गिळून किंचित उबते आणि ती ऊब दूर-अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. दिवसभर तापलेला छपराचा पत्रा रात्रीच्या अंधारात दिसला नाही तरी त्याची धग जशी अंगाला जाणवते, तसाच हा प्रकार.

वाफेच्या वर जाण्याचे साधन म्हणून प्रथम अग्निबाणाकडे लक्ष गेले. दुर्बीण स्वतः उबदार असली की तीही त्याच किरणांनी उजळते, म्हणून मार्टिन हार्विट यांच्या कॉर्नेल येथील गटाने आपली दुर्बीण द्रवरूप हेलियमने थंड करून अग्निबाणातून वर पाठविली. अग्निबाणाला निरीक्षणासाठी मिळतात ती अवघी काही मिनिटे, आणि तेवढ्यात आकाशाची जमा व उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेची वजावट, असा दोन्ही बाजूंचा हिशेब चोख ठेवावा लागतो. तो किती अवघड असतो याचा दाखला 1987 सालचा आहे. नागोया व बर्कली येथील शास्त्रज्ञांनी जपानमधून सोडलेल्या अग्निबाणावरील उपकरणाने विश्वाच्या आरंभापासून सर्वत्र भरून राहिलेल्या पार्श्वभूमी-प्रारणात एक मिलिमीटरहून आखूड तरंगांवर अपेक्षेपेक्षा अधिक तेज नोंदविले, आणि जगभरचे सिद्धांतकार त्या अधिकाची उपपत्ती लावण्यास सरसावले. नोव्हेंबर 1989 मध्ये उडालेल्या कोबे उपग्रहाच्या मोजणीत ते अधिक तेज आढळले नाही. आणि जानेवारी 1990 मध्ये कॅनडातील हर्बर्ट गश यांच्या गटाने अग्निबाणातूनच केलेल्या स्वतंत्र मोजणीतही ते आढळले नाही; प्रारणाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे 2.74 अंश भरले. माझ्या मते अग्निबाणांच्या इतिहासातील हे अत्यंत उदात्त प्रकरण होय, कारण एका अग्निबाणाच्या मिनिटांनी लावलेला हिशेब दुसऱ्याच्या मिनिटांनी दुरुस्त केला.

आपल्या देशात अग्निबाणाचा प्रारंभ 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंबा येथे झाला. दूर-अवरक्त निरीक्षणांसाठी मात्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बलूनचा मार्ग पत्करला. होमी भाभांच्या विश्वकिरण-संशोधनापासून चालत आलेल्या बलूनविद्येवर हैदराबाद येथे केंद्र उभे राहिले, आणि तेथून पॉलिथिनच्या प्रचंड बलूनखाली एक मीटर व्यासाची दुर्बीण सुमारे 30 किलोमीटर उंचीवर, मिनिटांऐवजी काही तासांसाठी, जाऊ लागली. तेथेही थोडे वातावरण उरतेच. म्हणून दुय्यम आरसा सतत हलवून एकदा लक्ष्याचा व एकदा शेजारच्या रित्या आकाशाचा प्रकाश घ्यायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा, अशी तजवीज असे. संवेदक निरपेक्ष शून्याच्या 0.3 अंश वर ठेवलेले असत. पुढे जपानी शास्त्रज्ञांचा वर्णपटमापक याच दुर्बिणीला जोडून विद्युद्भारित कार्बनची 158 मायक्रॉनांवरील रेषा तारकाजन्माच्या प्रदेशांत मोजण्यात आली.

हे काम मराठी मुलखाला परके नाही. बलूनमधून सुटलेली उपकरणे हवाई छत्रीने उतरतात तेव्हा ती मराठवाडा-विदर्भाच्या शिवारातही पडू शकतात, आणि ती कोणी उघडू नयेत म्हणून तेथील रहिवाशांसाठी सूचना काढाव्या लागतात. या उड्डाणांतून लाभलेल्या ज्ञानाचे निबंध इंग्रजीत निघाले, ते योग्यच. परंतु आरसा घासणारे, पॉलिथिनचे पट्टे जोडणारे, शेतातून यंत्र उचलून आणणारे कारागीर आपल्या भाषेत कोठे नोंदले गेले? येथील ज्या तरुणांच्या घरी यंत्राशी रोजचा संबंध आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी हैदराबाद व मुंबई येथील त्या पिढीच्या लोकांना भेटावे, त्यांच्या कामाचा तपशील विचारून घ्यावा, आणि तो मराठीत लिहून पुढील संमेलनापुढे मांडावा.